दार कोणाच्या ताब्यात आहे? ग्रीक शोकांतिका वाचायला लागताना

एस्किलसच्या ‘ॲगमेम्नॉन’ या नाटकाच्या उत्तरार्धात राजवाड्याचे दार उघडते. ट्रॉय जिंकून त्याच दिवशी घरी परतलेला राजा आणि त्याने युद्धातून आणलेली बंदिवान कसँड्रा या दोघांचे मृतदेह समोर दिसतात, आणि त्यांच्याजवळ उभी असलेली राणी क्लायटेम्नेस्ट्रा नगरातल्या वृद्धांना सांगते की, जिथे मी वार केला तिथेच मी उभी आहे. ग्रीक शोकांतिका पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने या वाक्यापाशी थोडे रेंगाळावे असे मला मनापासून वाटते. राणीचा करारीपणा, दहा वर्षे जपलेला राग (युद्धाला निघताना राजाने त्यांच्या मुलीचा बळी दिला होता), केल्याचा जराही पस्तावा नसणे, हे सारे त्या वाक्यात आहे. मात्र आपल्या स्वभावाविषयी ती एक शब्दही बोलत नाही. आपण कुठे उभ्या आहोत एवढेच ती सांगते.

शाळा-महाविद्यालयात नाटक शिकताना आपल्याला दोन वेगवेगळी उत्तरे लिहायची सवय लागते: एक स्वभावचित्रणावर आणि दुसरे स्थळकाळावर. ग्रीक शोकांतिकेच्या बाबतीत ही वाटणी वाचकाचे नुकसान करते. तिथे स्थळ हा मागे टांगलेला पडदा नसतो, आणि पात्राचा स्वभाव त्याच्या पायाखालच्या जागेपासून सुटा काढता येत नाही. म्हणून नाटक वाचताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा: हा माणूस आत्ता कुठे उभा आहे, त्या जागी त्याला काय करता येण्यासारखे आहे, आणि त्यांतले तो काय निवडतो? पुढच्या साऱ्या सूचना हा प्रश्न नीट विचारता यावा यासाठीच आहेत.

आधी एक शब्द बाजूला ठेवा

मराठीत या नाटकांना ‘शोकांतिका’ म्हणतात. शब्द रूढ आहे आणि मीही तोच वापरणार आहे, परंतु त्याच्या अर्थामुळे नवा वाचक शेवटच्या मृत्यूची वाट पाहत पाने उलटतो आणि मधले बरेच काही त्याच्या हातून निसटते. मूळ ग्रीक शब्द ‘त्रागोदिया’ असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘बोकडाचे गाणे’ असा होतो आणि शेवट कसा असावा याविषयी तो काहीच सांगत नाही. एस्किलसचे ‘युमेनिडीज’ मशालींच्या मिरवणुकीने संपते, तर सोफोक्लीजचा फिलॉक्टेटिस आपली जुनाट जखम बरी होईल असे आश्वासन घेऊन बेटावरून निघतो. तेव्हा ‘शेवटी काय होणार’ हे कुतूहल थोडे आवरावे. अथेन्सच्या प्रेक्षकाला या कथा बहुधा आधीच ठाऊक असत. कवी ती कथा कुठे उभी करतो आणि कोणाच्या तोंडून काय वदवतो, याकडे त्याचे लक्ष असे.

कागदावर रंगमंच काढा

ही पायरी अनेक जण अनावश्यक समजून गाळतात आणि मग पहिल्या पन्नास ओळींतच गोंधळतात. ॲक्रॉपोलिसच्या दक्षिण उतारावर, डायोनिसस देवाच्या आवारात, दरवर्षी वसंत ऋतूत उत्सवाच्या वेळी ही नाटके स्पर्धेसाठी सादर होत. तीन कवी, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि त्यांच्या जोडीला एक सॅटर-नाटक, म्हणजे थट्टामस्करीचे छोटे नाटक, असा तो क्रम असे. उजेड सूर्याचा, छत आकाशाचे, नट सारे पुरुष आणि सर्वांच्या चेहऱ्यावर मुखवटे. बोलणारे नट जास्तीत जास्त तीन, आणि तेच आलटून पालटून सगळ्या भूमिका करीत. कोरसमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-नाचणाऱ्या गटात, आधी बारा आणि पुढे पंधरा जण असत.

कोऱ्या कागदावर मध्यभागी एक मोठी मोकळी जागा काढावी. ती कोरसच्या नाचण्या-गाण्याची. तिच्या मागे एक लाकडी इमारत काढावी, जिला ग्रीक लोक ‘स्कीनी’ म्हणजे झोपडी किंवा तंबू म्हणत. तिला मधोमध एक मोठे दार आणि वर सपाट छप्पर असे. डावीकडून आणि उजवीकडून मोकळ्या जागेत येणारे दोन लांब रस्ते काढावेत. आता दोन यंत्रे जोडावीत. दारातून बाहेर ढकलता येणारा चाकांचा पाट आतल्या मृतदेहांचे दृश्य बाहेर आणी, आणि इमारतीमागून वर उचलणारी यारी देवांना हवेतून आणी. रंगमंच एवढाच.

हे चित्र काढून झाले की लक्षात येते की, पात्राला जायला मोजक्याच दिशा आहेत. ते दारातून आत जाऊ शकते किंवा दोनपैकी एका रस्त्याने निघून जाऊ शकते; छप्पर आणि त्यावरची हवा तर बहुतेक वेळा माणसांची नव्हेच. आत काय घडते ते प्रेक्षकाला दिसत नाही, फक्त ऐकू येते किंवा नंतर कळते. इतक्या थोड्या वाटा असल्यामुळेच कोणती वाट कोण घेतो याला विलक्षण वजन येते.

आणखी एक व्यवहारी सूचना. भाषांतरांत कंसात दिसणाऱ्या ‘राणी आत जाते’, ‘सेवक वस्त्रे अंथरतात’ अशा रंगसूचना बहुतांशी भाषांतरकारांनी घातलेल्या असतात. मूळ हस्तलिखितांत तशा सूचना जवळजवळ नाहीतच. स्थळाविषयी कवीला जे सांगायचे असते ते पात्रांच्या बोलण्यातच असते. म्हणून कंस वाचावेत, पण विश्वास संवादावर ठेवावा. समासात ओळींचे क्रमांक दिलेली आवृत्ती निवडली तर दोन भाषांतरे शेजारी ठेवून पाहता येतात. या लेखातले क्रमांकही त्याचसाठी आहेत.

पहिल्या चाळीस ओळींत जागेची नोंद करा

नाटक सुरू होताच तीन गोष्टी समासात लिहाव्यात: मागची इमारत कोणाची आहे, दोन्ही रस्ते कुठे जातात, आणि पहिला बोलणारा माणूस नेमका कुठे आहे. ‘ॲगमेम्नॉन’मध्ये पहिला बोलणारा एक पहारेकरी आहे आणि तो आर्गॉसच्या राजवाड्याच्या छपरावर आहे. ट्रॉय पडल्याची खूण देणारी आग दिसते का हे पाहत तो वर्षभर कोपरावर रेलून, कुत्र्यासारखा, रात्री काढतो आहे. खालच्या घरात काहीतरी बिघडले आहे हे त्याला माहीत आहे. पण जिभेवर बैल बसला आहे असे म्हणून तो गप्प राहतो आणि पुढे म्हणतो की, या घराला वाचा फुटली तर ते स्वतःच सगळे स्पष्ट सांगेल (ओळी ३६ ते ३८). नाटकातले पहिले भाषण संपण्यापूर्वीच कवीने घराला साक्षीदार म्हणून उभे केले आहे. पुढे जे जे पात्र दाराशी येईल ते या साक्षीदारासमोर येईल.

सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ची सुरुवातही अशीच पाहावी. थीब्जच्या राजकन्या अँटिगनी आणि इस्मेनी राजवाड्याबाहेर बोलत आहेत, कारण दुसऱ्या कोणी ऐकू नये म्हणून अँटिगनीने बहिणीला मुद्दाम अंगणाच्या दारांबाहेर बोलावले आहे. चांगल्या घरातल्या मुलींनी उंबऱ्याआड राहावे अशी अपेक्षा असलेल्या समाजात हे बाहेर येणेच एक निवड आहे. पुढे, भावाला पुरू नये ही आज्ञा अँटिगनीने मोडल्यावर, राजा क्रेऑन दोघींना आत नेऊन बांधून ठेवण्याचा हुकूम देतो आणि आता यांनी बायकांसारखे वागावे, मोकळे फिरू नये असे बजावतो (ओळी ५७८ ते ५७९), तेव्हा त्याचा राग केवळ आज्ञाभंगाचा नाही हे ध्यानात येते.

एकाच दारातून जाणारी तीन माणसे

आता एक प्रसंग सावकाश वाचू. ॲगमेम्नॉन रथातून येतो, देवांना आणि नगराला वंदन करतो, आणि आता मी माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी जातो असे म्हणतो. घर त्याचे आहे. पण दाराशी क्लायटेम्नेस्ट्रा उभी आहे. ती बाजूला होत नाही. ती आधी नवऱ्याशी न बोलता वृद्धांशी बोलते, बराच वेळ बोलते, आणि मग दासींना रथापासून दारापर्यंत जांभळ्या-तांबड्या रंगाची मौल्यवान वस्त्रे अंथरायला सांगते. समुद्रातल्या शिंपल्यांपासून काढलेला तो रंग अतिशय महाग असे. अशा वस्त्रांवर पाय ठेवणे म्हणजे घरची संपत्ती पायदळी तुडवणे.

ॲगमेम्नॉनला ही चूक कळते. मला परक्या राजासारखे लोटांगण घालू नका, मला माणसाचा मान द्या, देवाचा नको, असे तो स्पष्ट म्हणतो. मग ती त्याच्याशी एकेका ओळीत बोलू लागते. ट्रॉयचा राजा प्रायम जिंकला असता तर त्याने काय केले असते? तो वस्त्रांवरून चालला असता, असे ॲगमेम्नॉन कबूल करतो. मग लोकांच्या बोलण्याला भिऊ नकोस. जिंकलेल्याने कधी हार मानणेही शोभते. आणि तो हार मानतो. देवांची नजर लागू नये म्हणून वहाणा काढायला सांगतो आणि अनवाणी, त्या वस्त्रांवरून, आत जातो. दहा वर्षे वेढा घालून शहर जिंकणारा माणूस आपल्याच अंगणातली काही पावलांची झुंज हरतो. त्याच्या स्वभावावर इथे कोणी भाष्य करत नाही, आणि त्याची गरजही नाही: योग्य काय ते कळते, पण मोठेपणाच्या आमिषापुढे ते टिकत नाही, हे त्या काही पावलांत दिसून गेले आहे. तो चालत असताना राणी म्हणते, समुद्र तिथे आहेच, त्याला कोण आटवणार? (ओळ ९५८). ही संपत्ती संपायची नाही असे ती सांगते आहे. पण रंगलेल्या वस्त्रांकडे पाहणाऱ्याला त्या समुद्रात रक्त दिसल्याशिवाय राहत नाही.

दुसरी व्यक्ती कसँड्रा. राणी पुन्हा बाहेर येते आणि तिला आत यायला फर्मावते. कसँड्रा हलत नाही आणि बोलतही नाही. दाराबाहेर ताटकळायला मला वेळ नाही असे म्हणून राणीच आत निघून जाते. राजाला जिने काही ओळींत वाकवले, तिला एका गुलाम मुलीचे मौन वाकवता आले नाही. राणी गेल्यावर कसँड्राला वाचा फुटते. या घरात पूर्वी मारली गेलेली मुले तिला दिसतात, हौदात चाललेला खून घडण्यापूर्वीच दिसतो. ती भविष्यवेत्तीची काठी आणि गळ्यातल्या माळा फेकून देते, आणि या दाराला मृतांच्या राज्याचे दार म्हणून हाक मारते (ओळ १२९१). उंबऱ्यापाशी येऊन ती एकदम मागे सरकते, कारण घराला रक्ताचा वास येतो आहे. कोरसमधले वृद्ध समजूत घालतात की, तो चुलीपाशी चाललेल्या बळीचा वास असेल. ती म्हणते की, थडग्यातून येतो तसा हा वास आहे. आणि मग ती स्वतःच्या पायांनी आत जाते. राजा न जाणता गेला, ही जाणून गेली. दार तेच, अंतर तेवढेच. आणि या दोन माणसांतला सगळा फरक त्या उंबऱ्यावर उघडा पडतो.

तिसरी स्वतः क्लायटेम्नेस्ट्रा. ती पाहिजे तेव्हा आत जाते, पाहिजे तेव्हा बाहेर येते. नाटकभर दार तिच्या ताब्यात आहे. म्हणूनच ‘जिथे वार केला तिथेच उभी आहे’ या वाक्यात इतका जोर आहे. माझा नवख्या वाचकाला आग्रह आहे की, पहिल्या वाचनात प्रत्येक पात्राच्या नावापुढे एकच खूण करावी: दार याच्या ताब्यात आहे, की हा दाराच्या ताब्यात आहे?

स्वभाव म्हणजे निवड

इथे ॲरिस्टॉटलची मदत घ्यावी, पण बेताने घ्यावी. त्याच्या काव्यशास्त्राचे मराठी भाषांतर विंदा करंदीकरांनी केले आहे आणि नवख्याने ते जरूर वाचावे. कथानक हा शोकांतिकेचा आत्मा आणि स्वभाव त्याच्या खालोखाल, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. स्वभाव म्हणजे काय याचे त्याने दिलेले उत्तर फार उपयोगी आहे: माणूस काय निवडतो आणि काय टाळतो हे ज्यातून दिसते तो स्वभाव, ज्या भाषणात बोलणारा काहीच निवडत नाही त्यात स्वभाव नाही. मुखवटा घातलेल्या नटाच्या चेहऱ्यावरून मनातली चलबिचल वाचायची सोय नव्हती, हे लक्षात घेतले की ही व्याख्या आणखी पटते.

त्याच ग्रंथातला ‘हमार्तिया’ हा शब्द मात्र सांभाळून वापरावा. परीक्षेच्या पुस्तकांत त्याचे भाषांतर सर्रास ‘स्वभावदोष’ असे केले जाते, आणि मग प्रत्येक नायकाला एक दोष चिकटवण्याचा खेळ सुरू होतो: ईडिपसचा अहंकार, क्रेऑनचा हट्ट. त्या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे आहे. ‘चूक’ किंवा ‘प्रमाद’ हे शब्द त्याला अधिक जवळचे आहेत. नेम कोणत्या जागेवरून धरला आणि लक्ष्य कुठे होते, हे पाहिल्याशिवाय तो का चुकला ते कळत नाही. दृश्याला, म्हणजे रंगमंचावर जे डोळ्यांना दिसते त्याला, ॲरिस्टॉटलने काव्यकलेत फारसे स्थान दिलेले नाही. या एका बाबतीत त्याच्यामागे जाऊ नये. तो लिहीत होता तेव्हा एस्किलसच्या नाटकांना शंभराहून अधिक वर्षे झाली होती. आपण मात्र नाटक उघड्यावर, दारासमोर घडते आहे असे धरूनच वाचावे.

जे स्थळ दिसत नाही तेही नोंदवा

रंगमंचावर एकच जागा असली तरी बोलण्यातून इतर कितीतरी जागा येतात, आणि पुष्कळदा अर्थाचा गाभा तिथे असतो. सोफोक्लीजच्या ‘राजा ईडिपस’मध्ये (पु. ल. देशपांडे यांच्या मराठी रूपात ‘राजा ओयदिपौस’) थीब्जच्या राजवाड्यासमोर सगळे घडते, पण नाटकाची कळ तीन रस्ते मिळतात त्या दूरच्या जागी आहे. राणी योकास्टा नवऱ्याला धीर द्यायला निघालेली असते. भविष्ये खोटी ठरतात, हे पटवण्यासाठी ती सांगते की, माझा पहिला पती लायस मुलाच्या हातून मरेल असे भाकीत होते, पण त्याला तर तीन रस्ते मिळतात तिथे परक्या लुटारूंनी मारले (ओळ ७१६). तिचा सगळा भर ‘लुटारूंनी’ या शब्दावर आहे. ईडिपसच्या कानाला मात्र रस्ते लागतात. त्याचा जीव हलतो. ती जागा कुठे आहे, असे तो विचारतो, आणि ती सांगते की फोकिसमध्ये, जिथे डेल्फी आणि डॉलिया इथून येणारे रस्ते एकत्र होतात (ओळी ७३३ ते ७३४). मग प्रश्नांचा सपाटा सुरू होतो: कधी, लायस दिसायला कसा होता, बरोबर किती माणसे होती? खुनाची हकीकत ऐकून तो हललेला नाही. एका जागेच्या वर्णनाने हलला आहे.

पुढे तो आपली कथा सांगतो. डेल्फीला भयंकर भाकीत ऐकून आईवडिलांपासून दूर राहण्यासाठी त्याने कॉरिंथकडे पाठ फिरवली आणि ताऱ्यांवरून दिशा मोजत तो चालत राहिला. त्या अरुंद वाटेवर एका रथातल्या वृद्धाने आणि त्याच्या माणसांनी त्याला बळाने बाजूला सारायचा प्रयत्न केला. त्याने सारथ्याला मारले, वृद्धाने त्याच्या डोक्यावर पराणी हाणली, आणि त्याने सगळ्यांना ठार केले. कागदावर कॉरिंथ, डेल्फी, तो तिठा आणि थीब्ज अशा चार खुणा करून बाणाने त्याचा प्रवास काढावा. घरापासून दूर जातो आहे असे समजणाऱ्या माणसाचा बाण जन्मघराकडेच वळलेला दिसतो, कारण लायस आणि योकास्टा हेच त्याचे खरे आईबाप. हे चित्र एकदा काढले की ‘नशीब की स्वभाव’ या नेहमीच्या वादात नेमके काय विचारायला हवे ते उमगते.

बंद दार आणि मोकळे छप्पर

युरिपिडीजचे ‘मीडीआ’ इ.स.पू. ४३१ मध्ये सादर झाले आणि त्या वर्षीच्या स्पर्धेत युरिपिडीज तिसरा, म्हणजे शेवटचा आला. मीडीआ ही काळ्या समुद्राच्या टोकाकडून, कोल्किसहून आलेली परकी स्त्री. नवरा जेसन कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न करतो आहे. आधी तिचा फक्त आवाज घरातून ऐकू येतो, आक्रोश करणारा; मग ती बाहेर येते आणि कॉरिंथच्या स्त्रियांशी शांतपणे, मुद्देसूद बोलते. घराआड विव्हळणारी आणि दाराबाहेर युक्तिवाद करणारी ही एकच स्त्री आहे, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नये. तुम्हांला नगर आहे, वडिलांचे घर आहे, मी एकटी आहे, मला नगरच नाही, असे ती सांगते. यानंतर तिची प्रत्येक चाल जागेसाठी आहे: तिला हद्दपार करणारा कॉरिंथचा राजा क्रेऑन (थीब्जचा क्रेऑन वेगळा) याच्याकडून एक दिवसाची मुदत, मग अथेन्सचा राजा ईजिअस याच्याकडून आश्रयाचे वचन. आश्रय मिळेपर्यंत ती सूडाची योजना पूर्ण उघड करत नाही.

शेवटी मुले घरात मारली जातात आणि जेसन धावत येऊन दार उघडा म्हणून ओरडतो. चाकांचा पाट बाहेर येईल आणि आई मुलांच्या मृतदेहांशेजारी दिसेल अशी प्रेक्षकाची अपेक्षा असते. दार उघडतच नाही. मीडीआ वर, आजोबा सूर्यदेवाने दिलेल्या रथात, मुलांचे देह घेऊन उभी असते आणि दरवाजा कशाला हलवतोस, असे त्याला विचारते. ज्या उंचीवर एरवी देव येतात तिथे ही आई उभी आहे. ती अजून माणूस आहे का, तिला देवांनी पाठीशी घातले आहे का, आणि तसे असेल तर देव कसे आहेत, हे सगळे प्रश्न केवळ तिच्या जागेने उभे केले आहेत.

कवीने जागा बदलली का, ते तपासा

ही पायरी थोडी पुढची आहे, पण तिच्यासारखे फळ दुसरी देत नाही. एकच कथा दुसरीकडे कशी आली आहे ते पाहावे. होमरच्या ‘ओडिसी’त ॲगमेम्नॉन राणीचा प्रियकर एजिस्थस याने दिलेल्या मेजवानीत मारला जातो. एस्किलसच्या नाटकात तो स्वतःच्या घरात, आंघोळीच्या हौदात, बायकोच्या हातून मरतो. जागा बदलली, मारणारा हात बदलला, आणि हे युद्धातून आलेल्या राजाविरुद्धचे कारस्थान न राहता एका घराच्या आतले प्रकरण झाले.

इ.स.पू. ४०९ मधले सोफोक्लीजचे ‘फिलॉक्टेटिस’ याहून ठळक आहे. ट्रॉयला जाताना ग्रीकांनी जखमी फिलॉक्टेटिसला लेम्नॉस बेटावर सोडून दिले होते, आणि आता युद्ध जिंकायला त्यांना त्याचे धनुष्य हवे आहे. या बेटावर लोकवस्ती असल्याचे होमरला माहीत आहे. याच कथेवर एस्किलस आणि युरिपिडीज यांनी लिहिलेल्या नाटकांत कोरस लेम्नॉसच्या रहिवाशांचा होता, असे ती तिन्ही नाटके वाचलेल्या डायो क्रिसॉस्टमने नमूद केले आहे. सोफोक्लीजने बेट ओसाड केले. माणसाचे पाऊल न पडणारा हा किनारा, अशी त्याच्या नाटकाची सुरुवातच आहे. ते धनुष्य आणायला आलेला तरुण निऑप्टोलेमस दोन तोंडांच्या गुहेत डोकावतो आणि त्याला दिसते ते असे: झोपून दबलेला पाल्याचा बिछाना, ओबडधोबड कोरलेला एक लाकडी पेला, विस्तवासाठी काही सामान, आणि उन्हात वाळत घातलेल्या, जखमेच्या पुवाने भरलेल्या चिंध्या. फिलॉक्टेटिस अजून आलेला नाही, पण दहा वर्षांचे एकाकीपण समोर मांडले गेले आहे. वस्ती असलेल्या बेटावर त्याला फसवून धनुष्य हिरावणे ही राजकीय चाल ठरली असती. या निर्जन बेटावर ते धनुष्य म्हणजे त्याचे रोजचे अन्न आहे. म्हणून ते घेऊन उभा असलेला निऑप्टोलेमस आतून तुटू लागतो आणि अखेर परत फिरून ते देऊन टाकतो. त्याच्यातला चांगुलपणा त्या बेटाच्या ओसाडपणाने बाहेर काढला आहे.

नगरांचाही स्वभाव असतो हे याच पायरीवर लक्षात घ्यावे. उपलब्ध शोकांतिकांत थीब्ज हे पुष्कळदा घरातच अडकलेल्या, बाहेरची वाट न सापडणाऱ्या माणसांचे नगर आहे, तर अथेन्स अनेकदा आश्रय देणारे नगर म्हणून येते. हे लिहिणारे कवी आणि पाहणारे प्रेक्षक अथेन्सचे होते, हे अर्थातच विसरू नये. इ.स.पू. ४७२ च्या ‘पर्शियन्स’मध्ये एस्किलसने नाटक थेट शत्रूच्या राजधानीत, सूसा येथे नेले. ग्रीकांनी पर्शियन आरमाराला हरवले त्या सलामिसच्या लढाईला तेव्हा आठच वर्षे झाली होती. तिथली राणी विचारते की, हे अथेन्स आहे तरी कुठे? (ओळ २३१). तिचा प्रश्न अथेन्समध्येच बसलेले लोक ऐकत होते, आणि त्यांतल्या कित्येकांनी तिच्या मुलाच्या आरमाराशी स्वतः लढाई केली होती.

वाचनाचा क्रम आणि एक सराव

सुरुवात ‘राजा ईडिपस’ने करावी, कारण त्यात जागा कमी आणि धागा सरळ आहे. नंतर ‘अँटिगनी’ आणि ‘मीडीआ’. ‘ॲगमेम्नॉन’ची कोरसगीते लांब आणि अवघड आहेत, ती पहिल्या खेपेला पुरती कळली नाहीत तरी थांबू नये, मात्र दाराजवळचे प्रसंग मोठ्याने वाचावेत. ‘फिलॉक्टेटिस’ एका बैठकीत वाचावे.

यानंतर सोफोक्लीजचे ‘ईडिपस कलोनस येथे’ घ्यावे. हे नाटक कवीच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने सादर केले, आणि कलोनस हे सोफोक्लीजचे स्वतःचे जन्मगाव. म्हातारा, आंधळा ईडिपस आपली मुलगी अँटिगनी हिचा हात धरून येतो आणि पहिल्याच वाक्यात विचारतो की, आपण कोणत्या प्रदेशात, कोणत्या माणसांच्या नगरात आलो? तो बसतो ती जागा नेमकी भयंकर देवींची पवित्र राई असते. गावातला माणूस ऊठ म्हणतो. हे आसन मी सोडणार नाही, असे तो उत्तर देतो. इथे पुस्तक खाली ठेवून तिठ्यावरचा तरुण ईडिपस आठवावा. तिथेही त्याला कोणीतरी बाजूला हो म्हणाले होते आणि तो हटला नव्हता. स्वभाव बदललेला नाही. तिथे त्या न हटण्याने बाप मेला. इथे त्याच न हटण्यातून, देवाने सांगितलेली आपली शेवटची जागा सापडल्याची खूण त्याला पटते.

सराव म्हणून ओळी १६६ ते २०२ अगदी हळू वाचाव्यात. कोरसमधले वृद्ध त्याला पवित्र जमिनीवरून उतरायला सांगतात आणि तुला कोणीही बळाने नेणार नाही असा शब्द देतात. इथल्या लोकांचे ऐकायला हवे, असे अँटिगनी त्याला सांगते. तो हात पुढे करतो. आणखी पुढे येऊ का, असे तो विचारतो, आणखी, असे ते सांगतात. मुलगी त्याचे एकेक पाऊल सांभाळत नेते, आणि तो खडकाच्या कडेवर, जमिनीलगत, टेकून बसतो. या छत्तीस-सदतीस ओळींत तो किती पावले टाकतो आणि प्रत्येक पावलापूर्वी कोणाला काय विचारतो, ते वहीत उतरवून काढावे.